‘सर्व्हर डाउन आहे’ : आधी निदान, मग उपाय



सेतू केंद्रात दाखला मागावयास आलेला शेतकरी, रास्त भावाच्या दुकानात अंगठा उमटविण्यासाठी थांबलेली गृहिणी आणि पतसंस्थेच्या खिडकीशी पासबुक घेऊन उभा असलेला निवृत्त शिक्षक या तिघांच्याही कानी एक वाक्य कधी ना कधी पडलेले असते : ‘सर्व्हर डाउन आहे.’ हे वाक्य उच्चारले गेले की संभाषण संपते. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे वाक्य जे कार्य करीत असे, तेच आता हे तीन शब्द करतात. फरक इतकाच, की साहेब केव्हा परतणार याचा थोडाफार अंदाज शिपायाला असे; सर्व्हर केव्हा परतणार हे खिडकीच्या अलीकडे वा पलीकडे कोणासच ठाऊक नसते.

वास्तविक ‘सर्व्हर डाउन आहे’ हे निदान नव्हे. ती केवळ तक्रार आहे. यंत्र पूर्ण बंद पडले असेल, मंदावले असेल, मधली तार तुटली असेल, डिस्क काठोकाठ भरली असेल, किंवा कोणी एक नोंद उघडी ठेवून चहाला गेला असेल. या सर्वांना शब्द एकच. रोग्याने ‘अंगात कसर आहे’ म्हणावे आणि वैद्याने नाडीही न पाहता मात्रा उगाळावयास घ्यावी, तसा प्रकार पुष्कळ कार्यालयांत घडतो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले जाते. काही काळ कारभार सुरळीत चालतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा तेच घडते. दरम्यान, यंत्र बंद करताक्षणी कोण कोणासाठी खोळंबले होते याचा पुरावाही पुसला गेलेला असतो.

हे दुखणे ओळखावे कसे, आणि न ओळखता घाईने उपचार केल्यास काय ओढवते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

कीर्द आणि खतावणी

संस्थेची सारी खाती एका संगणकावर ठेवावयाची आणि शाखाशाखांतील, टेबलाटेबलांवरील संगणकांनी जाळ्यातून त्याच्याकडे विचारणा करावयाची, ही आजची सर्वत्र रूढ झालेली रचना होय. नोंदी कोष्टकांच्या स्वरूपात ठेवाव्यात व त्या यंत्रात नेमक्या कोठे आहेत याची चिंता विचारणाऱ्याने करू नये, हा विचार आय.बी.एम. मधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. व्यापारी जगातील बहुतेक डेटाबेस आजही त्याच पायावर उभे आहेत.

या यंत्राची एक सवय मात्र आपल्या पेढ्यांवरील मुनिमांना परकी वाटणार नाही. मुनीम प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहीत असे आणि मग सवडीने खतावणीत चढवीत असे. डेटाबेसही तेच करतो. कोणताही बदल आधी कीर्दीत टिपला जातो. ती नोंद डिस्कवर पक्की झाली म्हणजेच व्यवहार पुरा झाल्याचे ग्राहकास कळविले जाते. खतावणी मागाहून होते. मध्येच वीज गेली, तर यंत्र पुन्हा सुरू होताना कीर्द वाचून राहिलेली खतावणी पूर्ण करते. शिवाय या कीर्दीची पाने जाळ्यातून दुसऱ्या सर्व्हरकडे सतत पाठविली, तर तेथे संपूर्ण दप्तराची हुबेहूब दुय्यम प्रत तयार राहते. मुख्य यंत्र कोलमडल्यास कारभार या दुय्यम यंत्राने हाती घ्यावा, अशी योजना असते. कीर्दीची ही गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट आहे; पुढे तिचे काम पडणार आहे.

वेळ जातो कोठे?

सर्व्हर मंदावला, तर पहिला प्रश्न यंत्राला नव्हे, माणसांना विचारावयाचा असतो. मंदपणा सर्व टेबलांवर आहे की एकाच? दिवसभर आहे की ठराविक वेळी? सर्व कामांना आहे की एकाच अहवालाला? या तीन प्रश्नांच्या उत्तरांनीच शोधाचे क्षेत्र बरेच आवळले जाते. एकाच टेबलावर मंदपणा असेल, तर सर्व्हरला हात लावण्याचे कारणच नाही.

त्यानंतर वेळ कोठे खर्ची पडतो हे मोजावे. मोजावे, तर्क करू नये. सर्वांत सामान्य कारण सूची नसणे हे होय. खातेवहीला नावांची सूची नसेल, तर एका सभासदाचे पान शोधण्यास कारकुनाला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाने उलटावी लागतात. सभासद पाच हजार होते तोवर हे कोणाच्या लक्षात येत नाही. ते पाच लाख झाले म्हणजे एकेका विचारणेस कितीतरी अधिक वेळ लागू लागतो. येथे काहीही बिघडलेले नसते, वही वाढलेली असते. अशा वेळी नवे, महागडे यंत्र घेतले तर काही महिने बरे वाटते आणि वही पुन्हा वाढते. योग्य स्तंभावर सूची उभारणे हे बहुधा काही मिनिटांचे काम असते. त्यासाठी रुपयाही खर्चावा लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते कोणी सुचवीत नाही.

दुसरे कारण अंतर. विजेचे जाळे क्षणार्धात निरोप पोचविते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते नागपूर हे अंतर सुमारे ७०० किलोमीटर धरले, तर एका प्रश्नाच्या जाण्यायेण्यास किमान सात सहस्रांश सेकंद लागणारच. वाटेतील उपकरणांचा वेळ निराळा. एका प्रश्नाला हे काहीच नव्हे. पण एक देयक तयार करताना आज्ञावलीने एकेक बाब सुटी विचारीत तीनशे प्रश्न पाठविले, तर दोन सेकंदांहून अधिक काळ निव्वळ प्रवासात जातो. मुंबईच्या कार्यालयात चपळ वाटणारी प्रणाली नागपूरच्या शाखेत रखडते याचे कारण पुष्कळदा हेच असते. सर्व्हर दोन्ही ठिकाणी तोच आहे. यावर जलद यंत्र हा उपाय नव्हे. तीनशे प्रश्नांऐवजी एकच प्रश्न विचारणे हा उपाय आहे.

तिसरे कारण विचित्र आहे, कारण त्यात कोणीच काम करीत नसते. एका कारकुनाने सभासदाची नोंद दुरुस्तीसाठी उघडली की यंत्र तिला कुलूप लावते, जेणेकरून त्याच वेळी दुसऱ्याने ती बदलू नये. दुरुस्ती अर्धी टाकून तो कारकून उठून गेला, तर कुलूप तसेच राहते. त्या नोंदीसाठी दुसरा थांबतो, दुसऱ्याने अडविलेल्या नोंदीसाठी तिसरा थांबतो, आणि पाहता पाहता अर्धी कचेरी खोळंबते. प्रोसेसर रिकामा, डिस्क रिकामी, जाळेही रिकामे. तरी काम ठप्प. यंत्र कमजोर आहे असा निष्कर्ष याच अवस्थेत हमखास काढला जातो आणि तो हमखास चुकीचा असतो. कधी दोन कारकून एकमेकांच्या हातातील वहीची वाट पाहत बसतात. ही गाठ यंत्र स्वतःच ओळखते आणि दोघांपैकी एकाचे काम रद्द करून दुसऱ्याला वाट देते. मात्र चहाला गेलेल्या माणसाला ओळखण्याची सोय त्यात आपोआप होत नाही. त्यासाठी मुदत घालून द्यावी लागते.

याखेरीज लहान संस्थांत आढळणारी काही कारणे अगदी घरगुती आहेत. कीर्दीच्या जुन्या फायली साचून डिस्क भरते आणि सर्व्हर नोंद घेण्याचे नाकारतो. विषाणूनाशक आज्ञावली ऐन कामाच्या वेळी डेटाबेसच्या फायली तपासू लागते. स्थिर वीजपुरवठा देणाऱ्या उपकरणाची बॅटरी केव्हाच निकामी झालेली असते, ते वीज गेल्यावर कळते.

प्रचलित बहुतेक डेटाबेस प्रणालींत मंद विचारणांची नोंदवही ठेवण्याची आणि कोण कोणासाठी थांबले आहे हे पाहण्याची सोय असते. ती निराळी विकत घ्यावी लागत नाही. ती चालू करावी, एका वेळी एकच बदल करावा आणि बदलाआधीचा व नंतरचा वेळ कागदावर लिहून ठेवावा. हे शिस्तीचे काम आहे. त्यात चमत्कार नाही. पण ही शिस्त सुटली म्हणजे काय होते, याची एक हकीकत जगापुढे उघडपणे मांडली गेली आहे आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे.

एका रात्रीची हकीकत

गिटलॅब ही संगणक-आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना आपले काम साठविण्यास व एकत्रितपणे पुढे नेण्यास जागा उपलब्ध करून देणारी कंपनी. तिच्या सार्वजनिक सेवेची सारी खाती व नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका मुख्य सर्व्हरवर होत्या आणि कीर्दीची पाने घेत राहणारा एक दुय्यम सर्व्हर होता. ग्राहकांचा संपूर्ण भार मुख्य सर्व्हरच वाहत असे. दुय्यम केवळ अडीअडचणीसाठी होता.

दिनांक ३१ जानेवारी २०१७ रोजी ग्रिनिच वेळेनुसार संध्याकाळी सातच्या सुमारास मुख्य सर्व्हरवरील भार अचानक वाढला. उपद्रवी मंडळी निरर्थक मजकुराचा मारा करीत असावीत, असा संशय होता. त्यात आणखी एक कारण भर घालीत होते, हे मागाहून उघड झाले. कोणा खोडसाळाने कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदविली होती, ते खाते चुकून काढून टाकण्याच्या यादीत गेले होते आणि यंत्र त्याची सारी माहिती इमानेइतबारे पुसत बसले होते.

मुख्य सर्व्हर इतक्या वेगाने कीर्द लिहू लागला की दुय्यम मागे पडला. रात्री अकराच्या सुमारास अशी स्थिती आली, की दुय्यमाला हवी असलेली पाने मुख्य सर्व्हरने जुनी झाली म्हणून निकालात काढली होती. ती अन्यत्र जपून ठेवण्याची व्यवस्था नव्हती. दुवा तुटला. आता दुय्यम सर्व्हर रिकामा करून संपूर्ण दप्तराची नव्याने नक्कल करणे एवढाच मार्ग उरला.

येथवर कोणाचीही एक नोंदसुद्धा हरवलेली नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

नक्कल करणारी आज्ञावली प्रथम चाललीच नाही. मुख्य सर्व्हरवर पाने पाठविण्याच्या वाटा अपुऱ्या असल्याची तिची तक्रार होती. अभियंत्याने ती मर्यादा वाढविली. तेव्हा मुख्य सर्व्हर पुन्हा सुरू होईना, कारण त्यावर एकाच वेळी ८,००० जोडण्यांची परवानगी देऊन ठेवलेली होती आणि तेवढी साधने यंत्राजवळ नव्हती. ती संख्या २,००० वर आणताच तो सुरू झाला. नक्कल पुन्हा सुरू केली, तर आता आज्ञावली गप्प! चूक दाखवीना, प्रगतीही दाखवीना. वस्तुतः मुख्य सर्व्हर तयार होईपर्यंत निमूटपणे थांबणे हा त्या आज्ञावलीचा स्वभावच होता. ती बिघडलेली नव्हती. वाट पाहत होती. पण हे त्या अभियंत्यास ठाऊक नव्हते आणि कंपनीच्या कार्यपुस्तिकेतही लिहिलेले नव्हते. आधीच्या फसलेल्या प्रयत्नांतून दुय्यम सर्व्हरच्या फोल्डरमध्ये काही फायली उरल्या असाव्यात व त्या आड येत असाव्यात, असा त्याने तर्क केला. ते फोल्डर पुसून टाकण्याचा हुकूम त्याने दिला.

तो हुकूम दुय्यम सर्व्हरच्या नव्हे, मुख्य सर्व्हरच्या खिडकीत दिला गेला होता.

एकदोन सेकंदांत चूक उमगली व हुकूम थांबविण्यात आला. तेवढ्यात सुमारे ३०० गिगाबाइट माहिती नाहीशी झाली होती. भारतात त्या वेळी १ फेब्रुवारीची पहाट होत होती.

खरी परीक्षा यापुढेच झाली. दररोज एक राखीव प्रत काढून ती दूरच्या साठवणीत ठेवण्याची व्यवस्था होती. ती साठवण उघडली, तर रिकामी निघाली. प्रत काढणारी आज्ञावली ९.२ या जुन्या आवृत्तीची होती आणि डेटाबेस ९.६ चा. दररोज ती सुरू होई, आवृत्ती जुळत नाही म्हणून थांबे आणि तसे कळविणारे ई-पत्र पाठवी. पाठविणाऱ्याची ओळख पटविणारी खूण त्या पत्रांवर नसल्याने टपालव्यवस्था ती परत फिरवीत असे. अपयशाची वर्दी देणारी यंत्रणाच मुकी झाली होती. डिस्कची क्षणचित्रे टिपण्याची सोय होती, पण ती फायलींच्या सर्व्हरांना लागू केलेली होती. डेटाबेसच्या सर्व्हरांना नव्हे. दुय्यम सर्व्हर तर आधीच रिकामा केलेला होता.

उरले ते एकच. त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी, भार अनेक यंत्रांवर वाटून देण्याच्या एका चाचणीसाठी, मुख्य सर्व्हरचे एक क्षणचित्र हाताने टिपून ठेवले होते. नित्याचे क्षणचित्र दिवसातून एकदाच निघत असे. हे जादा होते. केवळ त्या योगायोगाने सेवा वाचली. चाचणीच्या यंत्राच्या डिस्क मंद असल्याने माहिती परत आणून सेवा पूर्ववत होण्यास सुमारे १८ तास लागले. मधल्या काळातील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती कायमची गेली. आज्ञावल्यांचा मूळ मजकूर निराळ्या सर्व्हरांवर असल्याने तो बचावला.

कंपनीने यातील काहीही झाकले नाही. दुरुस्तीची टिपणे त्याच रात्री सर्वांसाठी खुली केली गेली, चाललेले काम यूट्यूबवर थेट दाखविण्यात आले आणि फेब्रुवारी २०१७ मध्येच सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. हुकूम कोणी दिला यापेक्षा तो देता का आला आणि राखीव प्रती नसल्याचे कोणास कसे कळले नाही, याच प्रश्नांवर त्या अहवालाचा भर आहे. कोणा एकास दोषी ठरविले असते, तर ती परत फिरलेली पत्रे उजेडात येतीच असे नाही.

योजलेले उपायही अत्यंत साधे होते. कोणत्या यंत्राच्या खिडकीत आपण आहोत हे ठळकपणे दिसावे, क्षणचित्र दिवसातून एकदा न घेता तासाला घ्यावे, राखीव प्रतीतून माहिती परत उभी करण्याची चाचणी आपोआप होत राहावी, आणि माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणा एकावर नेमून द्यावी. हा शेवटचा उपाय संगणकाचा नाही, प्रशासनाचा आहे.

त्रेचाळीस सेकंद

दुय्यम सर्व्हर असला म्हणजे निश्चिंत व्हावे, हेही खरे नाही. गिटहब या दुसऱ्या अशाच सेवेत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी एक सदोष प्रकाशीय उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दोन केंद्रांमधील संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्या अवधीत देखरेख करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने मुख्य सर्व्हर गेला असे मानून कारभार पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हरकडे सोपविला. संपर्क परतला तेव्हा दोन्हीकडील कीर्दींत परस्परांत नसलेल्या नोंदी होत्या. एका पेढीच्या दोन मुनिमांनी दोन निराळ्या कीर्दी लिहाव्यात तसे. शिवाय पूर्वेकडील आज्ञावल्यांना प्रत्येक नोंदीसाठी आता अख्खा खंड ओलांडावा लागत होता. मुंबई–नागपूरचा हिशोब तेथे कितीतरी पटींनी वाढला. सेवा घाईने पूर्ववत करण्यापेक्षा एकही नोंद गमवावयाची नाही असे व्यवस्थापनाने ठरविले आणि सर्व सुरळीत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. ग्राहकांचा रोष पत्करून घेतलेला हा निर्णय उचितच म्हणावा लागेल.

आपल्या पतसंस्था, बाजार समित्या, दूध संघ यांचे दप्तर या कंपन्यांच्या मानाने लहान आहे. पण ठेवीदाराच्या दृष्टीने त्याचे एक खाते म्हणजे संपूर्ण दप्तरच. तेथे सर्व्हरचे काम बहुधा बाहेरच्या पुरवठादाराकडे सोपविलेले असते आणि व्यवस्थापक मंडळ त्या विषयास हात घालण्यास बिचकते. बिचकण्याचे कारण नाही. यंत्र मंद झाल्याची तक्रार आली, तर ‘मोजमाप दाखवा’ असे सांगता येते. पुसण्याचा वा बदलण्याचा कोणताही हुकूम देण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीने पडद्यावरील यंत्राचे नाव मोठ्याने वाचावे, असा दंडक घालता येतो. रात्री उशिरा, दमलेल्या माणसाकडून दुरुस्ती करवून घेऊ नये, हे तर कोणासही सांगता येते.

आणि राखीव प्रत रोज निघते, असे उत्तर मिळाल्यास पुढचा प्रश्न विचारावा : ती उघडून शेवटी केव्हा पाहिली? याची तपासणी अवघड नाही. एखादा जुना संगणक घ्यावा आणि मूळ सर्व्हरपासून सर्वस्वी अलग ठेवून त्यावर कालची राखीव प्रत उतरवावी. मग त्यातून गेल्या महिनाअखेरची तेरीज काढून ती दप्तरी लावलेल्या छापील, सही केलेल्या तेरजेशी जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी पैशापर्यंत ताडून पाहावी. तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव व्यवस्थापक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवावे.